रोल्फचा चौथरा

काटेरी तारेत अडकलेला तो केस टोकाकडे पांढरा होत गेला होता. मुळाशी गडद तपकिरी, मध्ये मधाच्या रंगाचा, आणि शेवटचा पेरभर भाग जवळजवळ रंगहीन. मारितने चिमटा खिशातून काढला, पण लगेच वापरला नाही. आधी नुसतं पाहिलं. एकटा केस नव्हता, झुपका होता, आणि त्याच्या तळाशी आतल्या लवेचा करडा कापूस गुंतला होता. सर्वांत खालची तार त्या एका जागी किंचित वर वाकली होती. तार अशी एका दिवसात वाकत नाही. पुष्कळ वर्षं कुणीतरी त्याच ठिकाणी पोट जमिनीला लावून, पाठ घासत पलीकडे जात होतं.

पलीकडे रोल्फचा चौथरा होता.

सव्वीस वर्षांपूर्वी वडिलांनी, आयव्हर हॉगेरुडने, धाकट्या मुलासाठी ओतलेला काँक्रीटचा चौथरा. त्याच वर्षी रोल्फ अलास्काला निघून गेला, आणि त्यावर घर कधी उभं राहिलंच नाही. पुढच्या बाजूला तीन पायऱ्या होत्या, त्या चढून गेलं की दार नव्हतं, ओढ्यावरचा वारा होता. स्वयंपाकघर जिथे व्हायचं तिथे पाण्याचा नळ जमिनीतून गुडघाभर वर आला होता, आणि त्यात उंदीर जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडावर कॉफीचा रिकामा डबा उपडा घातलेला. डबा गंजला की नवा यायचा. आधी वडील बदलायचे. ते गेल्यापासून आई बदलते. यंदाचा डबा लाल होता.

मधल्या पायरीवर अस्वलाने चोकचेरीच्या रानफळांच्या बियांनी भरलेली विष्ठा टाकून ठेवली होती.

"बघ, पाहुणे येऊन गेले," मागून तिचा भाऊ आर्लन म्हणाला. त्याने ट्रक ओढ्यापाशी ठेवला होता आणि गवतातून चालत आला होता. "उंबरठ्यावर भेट ठेवूनच गेले."

"मादी आहे. दोन पिल्लं बरोबर. परवाच्या चिखलात पावलं दिसली." मारितने झुपका कागदी पाकिटात टाकला. गेली चौदा वर्षं तिचं काम हेच होतं: पर्वतातून ओढ्याओढ्याने माळावर उतरणाऱ्या ग्रिझली अस्वलांच्या वाटा शोधायच्या.

"तुला अस्वलाचे केस वेचायचा पगार मिळतो. मला त्याच अस्वलाने खुराडं मोडलं की अर्ज भरायला लावतात. कुठल्या जन्माचं पाप म्हणायचं हे?"

"दोन वर्षांत कुठे मोडलंय तुझं खुराडं?"

"विजेचं कुंपण आहे म्हणून."

"आणि कुंपण कुणाच्या पैशाने आलं?"

आर्लन हसला. "डोरीनच्या ॲपल पायच्या लिलावाच्या. बरं बाई, हरलो. संध्याकाळी हॉलमध्ये घेईन दोन पाय."

मग तो हसायचा थांबला. टोपी काढून त्याने तिच्या आतल्या घामाच्या पट्टीवरून बोट फिरवलं. काही अवघड बोलायचं असलं की तो लहानपणापासून असंच करायचा.

"मारित, आज तो विषय काढू नकोस."

"तीन वर्षं मी काढते, तू हो म्हणतोस, आणि आई उठून भांडी घासायला जाते. आज वेगळं काय?"

"आज मीसुद्धा हो म्हणणार नाही."

भूमी-न्यासाची, म्हणजे रानं मोकळी राखणाऱ्या संस्थेची, मागणी साधी होती. जमीन हॉगेरुडांचीच राहील, गुरं चरतील, गवत कापलं जाईल; फक्त ओढ्याकाठच्या रानात घर बांधायचा हक्क आईने, सोल्वेगने, कायमचा दान करायचा. पुढे जमीन कुणाच्याही हातात गेली तरी तिथे घर होणार नाही. वर रस्त्याकडेच्या टेकाडावर एक घर चालेल, खाली एकही नाही, कारण अस्वलं खालूनच जातात. खालच्या अंगाला दोन खोऱ्यांत बाहेरच्यांची सुट्टीतली घरं उठली होती. तिथे कचऱ्याचे डबे आले, कुत्री आली, आणि मग अस्वलं मारावी लागली. हे आर्लनने स्वतः पाहिलं होतं. म्हणूनच तो इतके दिवस बहिणीच्या बाजूने होता.

"ब्रिटा मिझुलाला कॉलेजात शिकायला आलीय," तो म्हणाला. "अलास्कातून एवढ्या लांब. उगाच आली असेल?"

"नर्सिंग शिकायला आलीय."

"नर्स काय आपल्या विलो फोर्कला लागत नाहीत?" त्याने चौथऱ्याकडे पाहिलं. "रोल्फची पोर आहे ती. उद्या म्हणाली, काका, मला इथे राहायचंय, तर मी काय सांगू? तुझी जागा आम्ही अस्वलांना दिली?"

मारितने पाकिटावर तारीख लिहिली. त्यापुढे जागेचं नाव लिहायचं असतं. दर वेळी ती एकच शब्द लिहायची, 'चौथरा'. आज तो लिहिताना तिचा हात क्षणभर थांबला.

*

सोल्वेग लेफ्से लाटत होती. बटाट्याची पोळी, इतकी पातळ की खालच्या कापडाची वीण दिसावी. आर्लनची बायको लोर्ना तव्यापाशी उभी राहून पोळ्या लांब पट्टीने उलटत होती. सासू-सून एका स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं उभ्या होत्या, आणि बोलल्याशिवाय काम करण्याची दोघींना सवय झाली होती. आज मात्र लोर्ना बोलत होती.

"मी आधीच सांगते आई, आज हॉलमध्ये कुणी मला विचारलं की हॉगेरुड अस्वलांना जमीन देणार का, तर मी म्हणणार, अस्वलांनाच विचारा. ती काय कागद वाचतात?"

"कुणी विचारणार नाही."

"डोरीन विचारेल. तिच्या तोंडाला झाकण नाही."

सोल्वेगने पुढचा गोळा घेतला. लोर्नाचा राग अस्वलांवर नव्हता हे तिला ठाऊक होतं. सोळा वर्षांपूर्वी, दुसऱ्या मुलाच्या वेळी, लोर्नाने एकदाच, जेवणाच्या टेबलावर, खाली बघत विचारलं होतं: तो चौथरा रिकामाच आहे, तर आम्ही राहायला जाऊ का तिथे? आयव्हर म्हणाला होता, "ती रोल्फची जागा आहे." सोल्वेग काहीच म्हणाली नव्हती. लोर्नाने पुन्हा कधी विचारलं नाही.

खिडकीतून ओढ्याचा वळसा दिसायचा, आणि वळशाच्या आत चौथऱ्याची एक कड. या खिडकीपाशी संध्याकाळी उभं राहायचं हा सोल्वेगचा नेम होता. पहिली काही वर्षं तिने रस्त्याकडे पाहिलं. नंतर रस्त्याकडे पाहणं सोडलं आणि चौथऱ्याकडे पाहू लागली, जणू रोल्फ येईल तो थेट तिथेच उगवेल. तो नाताळला फोन करायचा. वडिलांच्या अंत्यविधीला आला, शर्टाला इस्त्री करून घेतली, दोन दिवसांनी गेला. चौथऱ्याकडे तो गेलाच नाही.

पण सप्टेंबर लागला, चोकचेरी काळी पडली, की संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ओढ्याच्या झुडपांतून एक तपकिरी पाठ निघायची. मानेमागचं वशिंड आधी दिसायचं, मग बाकीचं अंग. कधी एकटी, कधी पिल्लांसह. चौथऱ्याला वळसा घालून, तारेखालून, दुसऱ्या बाजूने माळाकडे. सोल्वेगने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मारितलाही नाही, तिने लगेच वही काढली असती. न चुकता दर शरदात परत येणारं या खिडकीतून तिला दुसरं कुणी दिसलं नव्हतं.

अंगणात गाडी थांबली.

ब्रिटा उतरली आणि उघड्या दाराला एक हात लावून, सगळं वजन डाव्या पायावर टाकून घराकडे बघत राहिली. सोल्वेगने लाटणं खाली ठेवलं. रोल्फ असाच उभा राहायचा. गोठ्यापाशी, शाळेच्या बसपाशी, आणि जाण्याच्या दिवशी ट्रकपाशी.

"आई, पोळी करपेल," लोर्ना म्हणाली, आणि मग खिडकीबाहेर पाहून हळूच म्हणाली, "अरे देवा. उभी कशी आहे बघा."

"आजी?" मुलगी दारात आली. वीस वर्षांची, समुद्राच्या वाऱ्याने गालांची साल निघालेली. "मी लवकर आले का?"

"नाही," सोल्वेग म्हणाली.  "लेफ्सा खातेस ना? लोणी-साखर लावून?"

"बाबा करतात घरी. जाड होतात त्यांचे."

"पीठ गरम असतानाच लाटत असेल. लहानपणापासून दम नाही त्याला."

"अगदी!" ब्रिटा हसली. "बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर सगळे म्हणतात, रोल्फचा लेफ्सा म्हणजे बुटाचा तळवा."

लोर्ना मोठ्याने हसली, आणि स्वतःच्याच हसण्याचं तिला नवल वाटलं. सोल्वेगने पोळीला लोणी लावलं, साखर पेरली, गुंडाळी करून नातीच्या हातात दिली आणि ती खाताना पाहत राहिली. तो येणार आहे का, हे तिने विचारलं नाही. विचारलं नाही तोवर उत्तरही येणार नव्हतं.

*

विलो फोर्कच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा, वासरं बाजाराला गेल्यावर, पायचा, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, लिलाव व्हायचा. जमलेले पैसे अस्वल-शेजार निधीला जायचे. त्यातून मधाच्या पेट्यांना आणि खुराड्यांना विजेची कुंपणं लागायची, आणि वसंतात मेलेली वासरं उचलून लांब नेणारा ट्रक चालायचा, म्हणजे वासाने अस्वलं गोठ्यांपाशी येत नसत. अस्वलं आवडणारी माणसं हॉलमध्ये फार तर पाच-सहा होती. बाकीची पायसाठी यायची, आणि एकमेकांसाठी.

"मी अस्वलासाठी एक दमडी देणार नाही," म्हातारा वॉल्ट दरवर्षीप्रमाणे दारातच ओरडला. "डोरीनच्या सफरचंदासाठी मात्र घर गहाण टाकीन!"

"तुझं घर कोण घेतंय?" डोरीन म्हणाली. "छप्पर गळतंय त्याचं."

आर्लनने ब्रिटाला आपल्या शेजारी बसवलं. तिला बोलीची पाटीही आणून दिली, हौस म्हणून. तिने हळदी रंगाचा रुमाल गळ्याला बांधला होता आणि ती सगळीकडे टकमक बघत होती.  भाऊ घर सोडून गेला तेव्हा आर्लन तीस वर्षांचा होता. तेव्हापासून दोघांचं काम तो एकटा करत आला होता, आणि त्याबद्दल त्याने तक्रार केली नव्हती, कारण तक्रार कुणाकडे करायची? पण एखाद्या सकाळी गवताचा भारा उचलताना तो अजूनही त्याचं दुसरं टोक कुणीतरी धरेल म्हणून थांबायचा.

"आता," लिलाव पुकारणारा ड्वेन टेबलावर चढला, "आता ओलेची घंटी!"

हॉल खुर्च्या सरकवत सावरून बसला. संध्याकाळचा खरा भाग हा होता.

घंटी पितळेची, मुठीएवढी, हॉगेरुडांच्या पणजोबाने, ओलेने, म्होरक्या मेंढीच्या गळ्यात बांधलेली. मेंढ्या विकल्या त्या वर्षी आयव्हरने ती लिलावात ठेवली. वॉल्टने घेतली, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फिरू दे!" म्हणजे पैसे दिले, वस्तू परत, पुन्हा विका. मग दुसऱ्याने घेतली. तेव्हापासून दरवर्षी ती हॉलभर फिरायची. घेणारा उभा राहायचा, एकदा वाजवायचा, "फिरू दे" म्हणायचा, सगळे टाळ्या पिटायचे. कुणाची बोली उरली नाही की ती सोल्वेगच्या पर्समध्ये घरी यायची. निधीचे निम्म्याहून जास्त पैसे पायचे नसत, घंटीचे असत.

ड्वेनने ती हलवली. आवाज बसका होता, थोडा चिरकलेला.

आर्लनला शेजारी श्वास अडकल्याचं ऐकू आलं. ब्रिटा ताठ झाली होती. पहिली बोली वॉल्टची, मग डोरीनच्या नवऱ्याची, आणि मग ब्रिटाची पाटी वर गेली.

"आली! रोल्फची पोरगी आली!" ड्वेन आनंदाने ओरडला. "वॉल्ट, काय म्हणतोस?"

वॉल्टने पाहुणीचा मान म्हणून टोपी छातीला लावली आणि माघार घेतली. ड्वेनने हातोडी आपटली. घंटी हातोहात तिच्यापर्यंत आली. सगळा हॉल हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघू लागला.

ब्रिटा उभी राहिली. "आभारी आहे," ती म्हणाली. गळ्यातला रुमाल सोडून तिने घंटी त्यात गुंडाळली, नीट गाठ मारली, पिशवीत ठेवली आणि खाली बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुठेतरी एक मूल म्हणालं, "आई, ती फिरू दे म्हणालीच नाही," आणि त्याला गप्प केलं गेलं. आर्लनचे कान तापले. सांगायला हवं होतं. पण आपल्या रक्ताच्या माणसाला हे सांगावं लागेल असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. सोल्वेग ब्रिटाच्या पिशवीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते त्याला ओळखता आलं नाही.

ड्वेन घसा खाकरला. "तर... पुढे डोरीनचा सफरचंदाचा पाय."

वॉल्टने तो घेतला. उभा राहिला, पायचं ताट डोक्यावर धरलं, आणि गरजला, "फिरू दे!"

हॉलभर हशा फुटला. पाय फिरला. डोरीनच्या नवऱ्याने स्वतःच्या बायकोचा पाय पैसे देऊन घेतला, एक घास काढला आणि "फिरू दे" म्हणाला. पुढच्याने दुसरा घास काढला. शेवटी ड्वेन नुसतं ताट विकत होता. ब्रिटा सगळ्यांबरोबर हसत होती, आणि हसता हसता हळूहळू तिचं हसणं मावळत गेलं.

*

हॉलच्या मागच्या मोरीपाशी लोर्ना ताटं धूत होती, मारित पुसत होती. सोल्वेग बाकावर बसली होती. ब्रिटा आत आली, मागून आर्लन.

"काकांनी सांगितलं," ब्रिटा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "घंटी परत द्यायची असते. मला माहीत नव्हतं, आजी. सगळ्यांसमोर मी... हे घ्या."

"बस आधी," सोल्वेग म्हणाली. "का घेतलीस?"

"बाबा वाजवून दाखवतात ना. बोटीवर पत्र्याचा मग असतो, त्यावर चमच्याने. म्हणतात, ओलेची घंटी अशी बोलायची, धुकं असलं की तिच्या मागे घरी यायचो. मी तो आवाज ऐकला आणि..." तिने नाक पुसलं. "मला वाटलं तुम्ही ती विकताय. तुमच्यावर काही वेळ आलीय म्हणून. बाबांना कळलं असतं तर त्यांना सहन झालं नसतं. म्हटलं, निदान आपल्यात तरी राहील."

लोर्नाने नळ बंद केला.

"बघ," आर्लन हलकेच म्हणाला, आईला उद्देशून. "आपल्यात राहील म्हणतेय."

सोल्वेगने हात मांडीवर जुळवले. मारितला ते हात दिसत होते. बोटांच्या सांध्यांवर अजून पिठाची पांढरी रेघ होती. आई आता उठेल आणि ताटं पुसायला घेईल असं तिला वाटलं.

"ब्रिटा," सोल्वेग म्हणाली, "रोल्फ परत येणार आहे का?"

कुणीही हा प्रश्न या आवाजात कधी ऐकला नव्हता. ब्रिटाने काकाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं.

"बाबांनी घर बांधलंय, आजी. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून असेल."

"कसं आहे घर?"

"लहानच. तिकडे अलास्कात, पीटर्सबर्ग गावाच्या बाहेर, पाण्याकडे तोंड करून. स्वतःच्या हाताने बांधलं." मुलगी थोडी थांबली. "झोपायच्या खोलीची खिडकी मात्र मागच्या बाजूला काढली, आग्नेयेला. तिकडे नुसता डोंगर आहे, दिसत काहीच नाही. सगळे हसले. पाणी सोडून इकडे कशाला खिडकी? पण त्यांनी ऐकलं नाही."

 अलास्कापासून आग्नेयेला कुणाचं घर आहे हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"आई," आर्लन म्हणाला, आणि टोपी हातात घेतली. "तो नाही आला तर नाही आला. पण ही आलीय. शिक्षण होऊ दे, मग चौथऱ्यावर..."

"कसला चौथरा?" ब्रिटाने विचारलं.

आर्लनचं बोट टोपीच्या पट्टीवर थांबलं.

"तुझ्या बाबांच्या घराचा," तो म्हणाला. "खाली ओढ्यापाशी. तुझ्या आजोबांनी ओतला. तुला... कधी बोलला नाही तो?"

"नाही. घंटीचं बोलतात. ओढ्याचं, धुक्याचं, तुमच्या लाल घोड्याचं बोलतात. चौथऱ्याचं कधी नाही." ती ओशाळली. "त्यांनी मागितला होता का?"

"नाही," सोल्वेग म्हणाली. "विचारलंच नव्हतं त्याला."

मारितने ताट ठेवून दिलं. तीन वर्षं तिच्याजवळ सगळी उत्तरं तयार होती: किती अस्वलं, कुठल्या वाटा, खालच्या खोऱ्यांत काय झालं. त्यातलं एकही आता तोंडात येईना. आपण आईकडे रानाचा तुकडा मागतोय असं तिला वाटत होतं. खरं तर आपण आईची ती रोजची खिडकी मागत होतो.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "न्यासाला मी विचारते. चौथऱ्यापुरती जागा वगळता येईल कदाचित. थोडी कुंपणाच्या आतली."

"आणि अस्वल कुठून जाईल?" लोर्नाने विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. तिचे ओले हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"माझ्याकडे बघू नका. मला अस्वलांचा पुळका नाही. पण हातचं राखून द्यायचं असेल तर देऊच नका. या घरात सगळं राखून ठेवतात. मी मागितला तेव्हाही राखूनच ठेवला होता." तिचा आवाज चिरकला आणि तिने तो सावरला. "मला नाही मिळाला, त्याला नको होता, हिला ठाऊकसुद्धा नाही. मग सव्वीस वर्षं तो डबा कुणासाठी बदलतोय आपण?"

"लोर्ना," आर्लन म्हणाला.

"बोलू दे तिला," सोल्वेग म्हणाली. "सोळा वर्षं उशीर झालाय. त्या दिवशी टेबलावर मी बोलायला हवं होतं." ती सुनेकडे बघत राहिली. "वर टेकाडावर एक घर बांधायची मुभा आहे म्हणतात. ती तुझी. तुला हवं तसं बांध, हवं तेव्हा बांध, नको असेल तर नको."

"आता? पंचावन्नाव्या वर्षी?"

"मी एकोणऐंशीची आहे आणि नळावर डबे घालत बसलेय."

लोर्नाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने मनगटाने डोळे पुसले.

ब्रिटाने घंटी बाकावर ठेवली होती. हळदी रुमालाची गाठ तशीच होती. ती अजून ते गाठोडं आजीकडे सरकवत होती, आणि कसं म्हणायचं ते आताच शिकल्यासारखी हळूच म्हणाली, "फिरू दे, आजी."

"नाही गं." सोल्वेगने गाठोडं उचललं, नातीच्या हातात दिलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. "आयुष्यभर आम्ही ही दिली आणि रात्री पर्समध्ये घालून घरी नेली. लोक टाळ्या वाजवायचे. आज पहिल्यांदा खरी दिली गेली. तुझ्या बाबाला नेऊन दे. त्या खिडकीत टांग म्हणावं."

बाहेर ट्रक सुरू होत होते. कुणीतरी वॉल्टला विचारत होतं, घर गहाण टाकलंस का, आणि तो ओरडून सांगत होता की तीन घास मिळाले, त्यात एक नुसता कडेचा. सोल्वेग बाकाला धरून उठली. आर्लनपाशी जाऊन तिने त्याच्या हातातली टोपी घेतली, त्याच्या डोक्यावर नीट बसवली, लहानपणी बसवायची तशी. पन्नाशी उलटलेल्या मुलाने मान खाली केली.

"गवताचे भारे तू एकट्याने उचललेस," ती म्हणाली. "मला दिसत होतं, खिडकीतून. तूही दिसत होतास. मी तुझ्याकडे बघत नव्हते, इतकंच."

मग ती मारितकडे वळली.

"सोमवारी त्या न्यासाच्या बाईंना फोन कर. ओढ्याकाठचं सगळं रान मी देते. चौथरा फोडून काढायचा, पायऱ्यासुद्धा, आणि तारही काढायची. तिला दर वेळी वाकून जावं लागतं."

"कुणाला, आई?" मारितने विचारलं.

"तुझ्या अस्वलिणीला. मी बघते ना तिला रोज."